वाचकांचे प्रश्न : जीवरसायनशास्त्राच्या उंबरठ्यावर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे बी.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र आणि पेशीजीवशास्त्र हे विषय नव्याने घेतलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशीतील ग्लूकोजच्या विघटनाच्या, म्हणजे ग्लायकोलायसिसच्या 10 आणि त्यापुढच्या क्रेब्ज चक्राच्या 8 पायऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) नावांसह मी आतापर्यंत तीन वेळा घोकल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे तोंडपाठ असते आणि आठवड्याभरात मधल्या चार-पाच पायऱ्या पार पुसल्या जातात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे, असे आता वाटू लागले आहे. लक्षात ठेवण्याची एखादी युक्ती सांगाल का?
एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमच्या स्मरणशक्तीत काहीही उणे नाही, हे मी अनेक वर्षे हा विषय शिकवल्यानंतर खात्रीने सांगते. ज्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, त्या कोणाच्याच डोक्यात टिकत नाहीत. आद्याक्षरे जुळवून वाक्य तयार करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण ती मी कधीच सुचवत नाही, कारण तिने नावांचा क्रम हाती लागतो आणि ती पायरी तिथे का आहे हे अंधारातच राहते.

त्याऐवजी एक कोरा कागद घ्या, सगळी नावे बाजूला ठेवा आणि फक्त कार्बन मोजा. ग्लूकोजचे सहा कार्बन, त्यांचे तीन आणि तीन असे दोन तुकडे, तीन कार्बनांच्या पायरुव्हेटमधून एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून गेल्यावर उरलेले दोन, ते दोन चार कार्बनांच्या ऑक्झॅलोअॅसिटेटला जोडले गेल्यावर पुन्हा सहा, मग पाच, मग चार. एवढा सांगाडा दोन मिनिटांत मांडता येतो आणि तो विसरला जात नाही. त्यानंतर प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा : ही पायरी गाळली असती, तर पेशीची कोणती अडचण झाली असती?

ग्लायकोलायसिसची दुसरी पायरी या दृष्टीने पाहा. ग्लूकोज-6-फॉस्फेटचे फ्रुक्टोज-6-फॉस्फेट होते. माझ्या वर्गात विद्यार्थी हीच पायरी सर्वांत आधी विसरत असत, कारण वरवर पाहता तिच्यात काहीच घडत नाही : कार्बन तितकेच, फॉस्फेट तितकाच, एटीपी या ऊर्जावाहक रेणूची देवघेवही नाही. आता चौथ्या पायरीकडे या. तिथे अल्डोलेज हे विकर सहा कार्बनांची साखळी तोडते आणि तोडताना कार्बोनिल गटाच्या (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनच्या) शेजारचा कार्बन व त्याच्या पलीकडचा कार्बन यांच्यामधला बंध तोडते. ग्लूकोजचा कार्बोनिल पहिल्या कार्बनवर असतो. तो तिथेच राहिला असता, तर बंध दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनांमध्ये तुटून एक तुकडा दोन कार्बनांचा आणि दुसरा चार कार्बनांचा पडला असता, आणि या दोन विजोड तुकड्यांसाठी पेशीला दोन वेगळ्या वाटा लागल्या असत्या. कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर सरकवला, की बंध तिसऱ्या आणि चौथ्या कार्बनांमध्ये तुटतो, तीन-तीन कार्बनांचे तुकडे मिळतात, त्यांतला एक दुसऱ्यात बदलता येतो आणि पुढे एकच वाट पुरते. शिवाय पहिला कार्बन मोकळा झाल्यामुळे तिसऱ्या पायरीत त्यावर दुसरा फॉस्फेट बसवता येतो. हे एकदा स्वतःच्या हाताने कार्बनांना क्रमांक देऊन काढून पाहिले, की ही पायरी आपण होऊन आठवते.

क्रेब्ज चक्राची सुरुवातही अशीच आहे. सायट्रेटमधला हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनवर आहे, त्या कार्बनला स्वतःचा हायड्रोजन नाही, म्हणून त्याचे ऑक्सिडीकरण सहजासहजी होत नाही. पेशी तो गट शेजारच्या कार्बनवर हलवते, आयसोसायट्रेट तयार होते आणि मगच ऑक्सिडीकरण होते. कोणतीही मोठी तोडफोड करण्याआधी रेणूची मांडणी सोयीची करून घ्यायची, ही रीत दोन्हीकडे दिसते. चक्राच्या शेवटी सक्सिनेटपासून ऑक्झॅलोअॅसिटेटपर्यंतच्या तीन पायऱ्यांत हायड्रोजन काढला जातो, पाणी घातले जाते, पुन्हा हायड्रोजन काढला जातो. पुढे स्निग्धाम्लांचे ऑक्सिडीकरण शिकाल, तेव्हा हेच त्रिकूट त्याच क्रमाने पुन्हा भेटेल.

हे चक्र मुळात शोधले गेले तेही अडचणीच्याच वाटेने. हॅन्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा घेऊन प्रयोग केले. हा स्नायू भराभर ऑक्सिजन वापरतो. मॅलोनेट हा पदार्थ सक्सिनेटसारखाच दिसतो, त्यामुळे सक्सिनेटवर काम करणारे विकर त्याला पकडून अडून बसते. मॅलोनेट घातल्यावर स्नायूत सक्सिनेट साचू लागले. विशेष असे, की ऑक्झॅलोअॅसिटेट घातले तरीही सक्सिनेटच साचले. उलट दिशेची थेट वाट तर अडलेली होती. म्हणजे ऑक्झॅलोअॅसिटेट सायट्रेटच्या बाजूने लांबचा फेरा घालून तिथे पोहोचले असले पाहिजे, आणि ज्या वाटेचा शेवट पुन्हा आरंभाशी येतो ती वाट वर्तुळाकार असली पाहिजे. हा निष्कर्ष प्रथम ‘नेचर’कडे पाठवला होता. तिथे जागा नसल्याने तो परत आला आणि दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. 1953 मध्ये क्रेब्ज यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्हीही अभ्यास करताना एका पायरीवर बोट ठेवा आणि ही पायरी बंद पडली तर मागे काय साचेल, पुढे कशाचा तुटवडा पडेल, हे लिहून काढा. विकरांची नावे त्यानंतर पाठ करा. बहुतेक नावांत पदार्थ आणि काम दोन्ही सांगितलेले असते : कायनेज फॉस्फेटची ने-आण करते, डीहायड्रोजिनेज हायड्रोजन काढते, आयसोमरेज मांडणी बदलते. काय घडते ते ठाऊक असेल, तर निम्मे नाव तुम्हाला बनवताच येते.

प्रश्न : बफरच्या गणितांत मला पूर्ण गुण मिळतात, पण सूत्रात आकडे घालण्यापलीकडे मला काही कळते असे वाटत नाही. पीकेए म्हणजे नेमके काय समजायचे? आणि बफर आपल्या पीकेएच्या जवळच चांगला चालतो असे शिकवतात, मग रक्ताचा पीएच 7.4 असताना 6.1 पीकेए असलेला बायकार्बोनेट बफर तिथे कसा चालतो?
एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग फार चांगला आहे आणि पहिल्या भागाचे उत्तर समजल्याशिवाय तो कोणाला सुचत नाही, म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून आहेत आणि निम्म्यांनी तो सोडलेला आहे, तो पीएच म्हणजे पीकेए. अशा वेळी बाहेरून प्रोटॉन आले, तर ते घेणारे रेणू भरपूर असतात, आणि प्रोटॉन कमी पडले, तर देणारेही तितकेच असतात. आकड्यांत पाहू. 1 लीटर शुद्ध पाण्यात 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 1 मिलिलीटर घातले, तर पीएच 7 वरून 3 वर येतो. तेच आम्ल 0.1 मोलर अॅसिटेट बफरच्या 1 लीटरमध्ये घाला. अॅसिटिक आम्लाचा पीकेए 4.76 आहे आणि बफर त्याच पीएचला आहे असे धरा. दोन्ही रूपे 50-50 मिलिमोल होती, ती आता 49 आणि 51 झाली, म्हणून पीएच 4.74 झाला. पाण्यात चार एककांची पडझड झाली आणि बफरमध्ये दोन शतांशांची. हे गणित स्वतः करून पाहा. सूत्रातला लॉगॅरिदम कशासाठी आहे ते त्यातून कळते : गुणोत्तर दसपट बदलले, तरी पीएच एकाच एककाने हलतो.

रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण साधारण 20 ला 1 असते. 20 चा लॉग 1.3, तो 6.1 मध्ये मिळवला की 7.4 येतो. बंद चंचुपात्रात हा बफर आम्लाच्या माऱ्यापुढे फार तग धरणार नाही, ही तुमची शंका बरोबर आहे. पण शरीर बंद चंचुपात्र नाही. प्रोटॉन आला, की बायकार्बोनेट तो घेते, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि फुप्फुसे तो उच्छ्वासावाटे बाहेर टाकतात. भाजकातली संख्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, श्वासोच्छ्वास आटोक्यात ठेवतो आणि अंशातली संख्या, म्हणजे बायकार्बोनेट, मूत्रपिंडे सांभाळतात. मधुमेहात आम्ले फार वाढली, की रुग्णाचा श्वास खोल आणि जलद होतो, त्याचे कारण हेच.

प्रयोगशाळेसाठी एक सूचना माझ्या अनुभवातून देते. मी संशोधन करू लागले, तेव्हा ट्रिस बफर खोलीच्या तापमानाला पीएच 7.5 करून ठेवला आणि विकराचे शुद्धीकरण 4 अंश सेल्सिअसच्या शीतकक्षात केले. विकराची क्रिया दर वेळी निम्म्याहून कमी यायची. दोन आठवडे मी ऊतीला, अभिकारकांना आणि स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. ट्रिसचा पीकेए तापमान एक अंशाने उतरले की सुमारे 0.03 ने वाढतो. म्हणजे शीतकक्षात माझा बफर 7.5 चा राहिलाच नव्हता, तो 8.1 च्या आसपास गेला होता. ज्या तापमानाला प्रयोग करायचा, त्याच तापमानाला पीएच जुळवा, आणि बाटलीवर पीएचच्या शेजारी तापमानही लिहा.

प्रश्न : पुस्तकातील पेशीची आकृती मी उत्तम काढतो, पण ती आकृती खरी वाटत नाही. मधल्या मोकळ्या जागेत काय असते? अंगके अशी ठरावीक जागी स्थिर असतात का?
बी.एस्सी. प्रथम वर्ष, कोल्हापूर

उत्तर : ही आकृती खरी वाटत नाही, कारण तिच्यात माप नाही, गर्दी नाही आणि वेळ नाही. माप आधी घेऊ. सर्व काही दहा लाख पटींनी मोठे झाले आहे अशी कल्पना करा, म्हणजे मायक्रोमीटरचा मीटर आणि नॅनोमीटरचा मिलिमीटर होईल. 20 मायक्रोमीटरची प्राणिपेशी आता 20 मीटर लांबी-रुंदीच्या मंगल कार्यालयाएवढी झाली. तिच्या भोवतीचे पटल 5 मिलिमीटर जाडीचे, म्हणजे खिडकीच्या काचेएवढे. तंतुकणिका आडव्या ठेवलेल्या पाण्याच्या टाकीएवढ्या, रायबोसोम सुपारीएवढे, हिमोग्लोबिनसारखे प्रथिन तुरीच्या दाण्याएवढे, ग्लूकोज राजगिऱ्याच्या दाण्याएवढे आणि पाण्याचा रेणू बारीक रव्याच्या कणाएवढा. केंद्रक ही सहा-सात मीटरची खोली आणि तिच्यात 2 मिलिमीटर जाडीचा डीएनएचा दोरा, सगळे तुकडे जोडले तर सुमारे 2000 किलोमीटर लांब, म्हणजे मुंबईहून निघून दिल्लीच्याही बराच पुढे जाणारा. तो गुंता न होता कसा गुंडाळला जातो, हे गुणसूत्रांच्या प्रकरणात शिकवतात. माप डोक्यात ठेवून ते प्रकरण वाचले, तर डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन प्रथिनांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मोकळी जागा जवळजवळ नसतेच. दुधात प्रथिने 3 ते 3.5 टक्के असतात, अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे 10 टक्के, आणि पेशीद्रवात 20 ते 30 टक्के. म्हणजे त्या मंगल कार्यालयात तुरीचे दाणे आणि सुपाऱ्या खचाखच भरलेल्या आहेत आणि त्यांच्या फटींतून रवा सळसळतो आहे.

राहिला वेळ. जॉर्ज पॅलेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल दिले, मग साधे अमिनो आम्ल दिले आणि किरणोत्सारी प्रथिन कुठे आहे ते ठरावीक अंतराने पाहिले. सुरुवातीला ते खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर होते, थोड्या वेळाने गॉल्जीपिंडाच्या परिसरात आणि दोन तासांच्या आत स्रावकणांमध्ये. पुस्तकातल्या आकृतीत शेजारी शेजारी रंगवलेल्या या तीन गोष्टी म्हणजे एकाच प्रथिनाच्या प्रवासातली तीन ठिकाणे आहेत. पुढच्या वेळी आकृती काढाल, तेव्हा तिच्यावर एक इन्सुलिनचा रेणू जन्मापासून पेशीबाहेर पडेपर्यंत बाणांनी दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता पदवीला जीवरसायनशास्त्राची इंग्रजी नावे तिला परकी वाटतात आणि वर्गात प्रश्न विचारायला ती कचरते. मराठीत शिकल्याने तिचे नुकसान झाले का?
एक पालक, लातूर

उत्तर : नुकसान झालेले नाही. तिच्याजवळ एक शिदोरी आहे, ती तिला कोणी उघडून दाखवलेली नाही. मायटोकाँड्रिया हा शब्द ग्रीकमधल्या धागा आणि कण या अर्थाच्या दोन शब्दांचा बनला आहे, आणि दहावीच्या मराठी पुस्तकातली तंतुकणिका म्हणजे तंतू आणि कणिका. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधले एंडो म्हणजे आत, रेटिक्युलम म्हणजे लहान जाळे. आंतर्द्रव्यजालिका हा शब्द तेच सांगतो. लायसोसोममधला लायसिस म्हणजे विघटन, लय, म्हणून लयकारिका. ग्लायकोलायसिस म्हणजे गोडाचे विघटन, आणि तिने दहावीत ग्लूकोज-विघटन असाच शब्द वाचला आहे. ज्या विद्यार्थ्यांनी फक्त इंग्रजी नाव ऐकले, त्यांच्यासाठी ते नुसते ध्वनी आहेत, तर तिला त्यांचा अर्थ आधीच माहीत आहे.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत, उजवीकडे मराठी शब्द आणि खाली एका वाक्यात त्या गोष्टीचे काम, असे तिला लिहायला सांगा. परीक्षेचा सराव मात्र इंग्रजीतूनच आणि लिहूनच करावा, तोंडी नको. प्रश्न विचारण्याबद्दल एवढेच सांगते, की वर्गात विद्यार्थ्याने मराठीत विचारलेली शंका मी कधी कमी दर्जाची मानली नाही, आणि ज्यांना हा विषय खरोखर आवडतो असे बहुतेक शिक्षकही मानत नाहीत.

प्रश्न : आमच्या विभागाच्या भित्तिपत्रिकेसाठी महाराष्ट्राशी नाते असलेल्या एखाद्या जीवरसायनशास्त्रज्ञाची माहिती हवी आहे.
विद्यार्थी संपादक, ठाणे

उत्तर : कमला सोहोनी यांच्यावर लिहा. त्या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिल्या येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री असल्यामुळे 1933 मध्ये प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू अशा अटीवर त्यांना घेण्यात आले, आणि त्यांचे काम पाहिल्यावर संस्थेची दारे इतर मुलींसाठी उघडली. पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांनी सायटोक्रोम सी वनस्पतींच्या ऊतींतही असते हे दाखवले आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर दीर्घकाळ संशोधन केले.

भित्तिपत्रिकेत सायटोक्रोम सी म्हणजे काय हेही अवश्य द्या, नाहीतर त्यांच्या शोधाचे मोल वाचकाला कळणार नाही. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील इलेक्ट्रॉन वहन साखळीत हे छोटे प्रथिन एका वेळी एक इलेक्ट्रॉन उचलून तिसऱ्या संकुलाकडून चौथ्याकडे पोहोचवते, आणि चौथे संकुल तो ऑक्सिजनला देते. आपण श्वासात घेतलेला बहुतेक ऑक्सिजन याच एका जागी वापरला जातो. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये 104 अमिनो आम्ले असतात, चिंपांझीचे हे प्रथिन तंतोतंत तसेच असते आणि ऱ्हीसस माकडाच्या प्रथिनात अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. श्वसनाची ही यंत्रणा बटाट्यापासून माणसापर्यंत एकच आहे, हे सोहोनींच्या कामातून दिसू लागले होते.

प्रश्न : बाययुरेट पद्धतीने प्रथिनांचे मापन करताना माझ्या नमुन्याचे वाचन सर्वांत तीव्र प्रमाण द्रावणाच्याही वर गेले. आलेखाची रेघ पुढे वाढवून उत्तर काढले तर चालेल का?
एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : चालणार नाही. रेघ सरळ आहे हे तुम्ही शेवटच्या बिंदूपर्यंतच तपासले आहे. त्यापुढे प्रथिनाशी जुळून जांभळा रंग देणारे अभिकारकातले तांबे अपुरे पडू लागले किंवा उपकरणापर्यंत पोहोचणारा प्रकाश फार कमी झाला, तर रेघ खाली वाकते आणि प्रथिन खऱ्यापेक्षा कमी भरते. मूळ नमुना त्याच बफरने पाच पट विरल करा, त्यात अभिकारक नव्याने घालून ठरलेला वेळ थांबा, 540 नॅनोमीटरला पुन्हा वाचन घ्या आणि येणाऱ्या उत्तराला पाचने गुणा. रंग आलेले द्रावणच पाणी घालून विरल करू नका, कारण त्यात अभिकारक आधीच अपुरा पडलेला असू शकतो. आधीचे वाचनही वहीत तसेच राहू द्या आणि ते का वापरले नाही, ते त्याच्या शेजारी लिहा.